मॉडरेटरसाहेब, पाळकानं आपलं वेगळं मत कुणाला सांगावं?

प्रति,
मा. मॉडरेटर, सिनॉड, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया,
आणि महाराष्ट्रातल्या सर्व धर्मप्रांतांचे मा. बिशप,



२९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला ऑल सेंट्स कॅथीड्रलच्या आवारात सहा चर्चेस एक झाली आणि आपलं चर्च जन्माला आलं. आत आलेल्यांत तान्ह्या बाळाच्या कपाळावर पाणी घालणारे अँग्लिकन होते, प्रेस्बिटेरियन होते, काँग्रिगेशनल होते. कळत्या वयात माणसानं स्वतःच्या तोंडानं विश्वास कबूल केल्याशिवाय बाप्तिस्मा होऊच शकत नाही असं मानणारे बॅप्टिस्ट आणि ब्रदरनही होते. एवढ्या एका मुद्द्यावरून युरोपात एके काळी माणसं बुडवून मारली गेली होती. नागपूरला जमलेल्यांनी त्यावर तोडगा काढला तो असा: दोन्ही प्रकारचा बाप्तिस्मा चर्चला मान्य राहील, आणि एखाद्या पाळकाला सदसद्विवेकबुद्धीमुळे बाळाचा बाप्तिस्मा देणं जमत नसेल, तर त्यानं आपल्याच चर्चमधल्या दुसऱ्या पाळकाला बोलावून तो विधी करून घ्यावा. आईबापांची अडवणूक होणार नाही आणि पाळकावर जबरदस्तीही होणार नाही.

हे कलम आपल्याला ठाऊक असणारच. माझी तक्रार अशी की ते ज्यांच्यासाठी लिहिलं त्यांना ठाऊक नाही.

मी वेळापूरचा. माळशिरस तालुक्यातलं, माउलींच्या पालखीच्या वाटेवरचं गाव. आमच्याकडे ख्रिस्ती घरं थोडी, उपासनेसाठी लांब जावं लागतं, म्हणून पाळकसाहेब भेटीला आले की बहुतेक वेळा मुक्कामच करतात. जेवणं झाली, मुलं झोपली की अंगणात खाटेवर बसून बोलणं निघतं. दिवसा व्यासपीठावर जे बोलता येत नाही ते रात्री अंगणात बोललं जातं. अशाच एका रात्री निवृत्तीला आलेल्या एका पाळकांनी मला सांगितलं की बाळाचा बाप्तिस्मा त्यांना आयुष्यात कधी पटला नाही. त्यांची जडणघडण वेगळ्या मंडळीत झाली, सेमिनरीतही तेच मत पक्कं झालं, आणि नेमणूक मात्र अशा ठिकाणी झाली जिथे बाळ तीन महिन्यांचं होण्याच्या आत आजी तारीख विचारायला येते. “मी विधी करत होतो,” ते म्हणाले, “आणि त्या लेकराचं नाव घेताना मनात त्याची माफी मागत होतो.” मी त्यांना नागपूरच्या कलमाबद्दल विचारलं. त्यांनी ते ऐकलंच नव्हतं. सगळी नोकरी याच चर्चमध्ये काढलेला माणूस! त्यांचं नाव, गाव, मंडळी मी सांगणार नाही, शोधूही नये.

हे एकटेच असते तर पत्र लिहिलं नसतं. अंगणात बसून गेलेल्यांपैकी कुणाला सार्वकालिक नरक मान्य नाही. कुणाला ‘ख्रिस्ताचं नाव न ऐकता मेलेले आपले पणजोबा कुठे गेले?’ या प्रश्नाचं छापील उत्तर देताना जीभ अडखळते. एक तरुण पाळक याच्या अगदी उलट: त्याला अन्य भाषेत बोलणं, आजाऱ्यावर हात ठेवून तेल लावणं हेच खरं वाटतं आणि आपल्या उपासनेची छापील प्रार्थना त्याला सुकलेली वाटते. म्हणजे मतभेद एकाच दिशेचा नाही. उदारमतवादी पाळक जुन्या मंडळीत अडकलेत तसेच कडवे पाळक उदार मंडळीतही अडकलेत. दोघेही रविवारी उभं राहून तोच विश्वासांगीकार म्हणतात आणि दोघांनाही एकच भीती असते, की मनातलं बोललो तर बदली होईल.

हा प्रश्न आजचा आहे असं कुणी समजू नये. आपल्या सोलापूर-नगरच्या मंडळ्या ज्या मिशननं उभ्या केल्या, त्या अमेरिकन मराठी मिशनमध्येच तो एकोणिसाव्या शतकात इतका पेटला होता की त्याच्या ज्वाळा बॉस्टनपर्यंत गेल्या.

डॉ. रॉबर्ट ॲलन ह्यूम हे नाव आपल्याला माहीत आहे. १८४७ साली मुंबईत मिशनरी आईबापांच्या पोटी जन्म, येलमध्ये आणि मग अँडोव्हरच्या सेमिनरीत शिक्षण, १८७४ पासून अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, काम. तिथली धर्मशिक्षणाची सेमिनरी त्यांनी चालवली; दुष्काळातल्या कामासाठी त्यांना पुढे कैसर-ए-हिंद पदक मिळालं. हे ह्यूमसाहेब रजेवर अमेरिकेत गेले असताना १८८६ मध्ये अँडोव्हरच्या माजी विद्यार्थ्यांच्या मेजवानीत बोलले. विषय होता, ज्यांच्या कानावर या जन्मात ख्रिस्ताचं नावच पडलं नाही त्यांना मेल्यानंतर तरी संधी मिळेल का. ह्यूमनी या आशेच्या बाजूनं शब्द टाकला. छातीठोक सिद्धांत मांडला नाही, पण आशेला जागा असू द्या, असा सूर लावला.

बस्स. त्यांना पाठवणाऱ्या अमेरिकन बोर्डाच्या समितीनं त्यांची परतीची वाट अडवली. बोर्डाचं म्हणणं सरळ होतं: असं मानलं तर मिशनरी पाठवायचे तरी कशाला? मेल्यावर संधी असेल तर नगरच्या खेड्यात जाऊन घसा कोरडा करण्याची घाई कसली? हा युक्तिवाद मला आजही पोकळ वाटत नाही. पण ज्या माणसानं बारा वर्षं त्या खेड्यांत काढली होती त्याला वेगळं दिसत होतं. तिथे नव्यानं विश्वासात आलेला माणूस आधी स्वतःच्या मेलेल्या आईबद्दल विचारणार, हे बॉस्टनच्या खोलीत बसून कळत नाही.

त्या अँडोव्हरची रीतही सांगण्यासारखी आहे. तिथल्या प्राध्यापकांना सेमिनरीच्या मतांगीकारावर सही करावी लागे आणि दर पाच वर्षांनी ती सही पुन्हा करावी लागे. संस्थापकांना वाटलं असेल, असं बांधून ठेवलं की मत हलणार नाही. पण त्याच सेमिनरीतून नवं मत निघालं, प्राध्यापकांवर चौकशा बसल्या, एकाला काढल्याचा निकाल लागला आणि पुढे १८९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या न्यायालयानं तो निकाल उलटवला. सह्या घेणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

ह्यूमचं काय झालं? वर्षभराच्या वादावादीनंतर बोर्डानं १८८७ मध्ये त्यांना परत पाठवलं. त्यांचं मत सगळ्यांना माहीत होतं, वर्तमानपत्रांत आलं होतं, आणि तरी पाठवलं. मला या गोष्टीत सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. ह्यूम पुढची जवळपास चाळीस वर्षं मराठी मुलखात राहिले. बोर्ड आपल्या मतावर राहिलं, ह्यूम आपल्या मतावर राहिले, लपवालपवी कुणालाच करावी लागली नाही. नगरच्या सेमिनरीत शिकणाऱ्या मराठी मुलांना आपला गुरू कोणत्या मुद्द्यावर मालकाशी भांडून आला आहे हे ठाऊक होतं. अंगणातल्या माझ्या पाहुण्यांना हे भाग्य मिळालं नाही.

आणि त्याच सेमिनरीत शिकवायला होते नारायण वामन टिळक.

टिळकांबद्दल आपल्याला मी काय सांगणार? १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचा जन्म, १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा, १९०४ साली पाळकपदाची दीक्षा. तुकाराम-ज्ञानेश्वरांना सोडून ते ख्रिस्ताकडे आले नाहीत, त्यांना बरोबर घेऊन आले. मिशनमध्ये राहून त्यांनी कीर्तनं केली, भजनं रचली, ‘ज्ञानोदया’त लिहिलं. पण परदेशी पैशावर आणि परदेशी देखरेखीखाली चालणारं चर्च त्यांच्या गळी उतरत नव्हतं. ख्रिस्ताच्या भक्तांत बाप्तिस्मा घेतलेला आणि न घेतलेला अशी भिंत का, हा त्यांचा प्रश्न होता, आणि दीक्षित पाळकानं असा प्रश्न विचारणं म्हणजे ज्या फांदीवर बसलोय तिच्यावरच घाव. १९१७ साली त्यांनी मिशनचा राजीनामा दिला आणि सातारला ‘देवाचा दरबार’ मांडला. त्या दरबारात बाप्तिस्मा झालेल्या आणि न झालेल्या दोघांनाही जागा होती. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, मुंबईत त्यांचं निधन झालं.

टिळकांनी राजीनामा दिला हे बरंच केलं असं म्हणणारे आपल्यात आहेत. पाळकाला पटत नसेल तर त्यानं टिळकांसारखं बाहेर पडावं, असं ते व्यासपीठावरून सांगतात. मला या सल्ल्यात दोन गोष्टी खटकतात.

पहिली म्हणजे, टिळक बाहेर पडले ते दीक्षेनंतर तेरा वर्षांनी. त्या तेरा वर्षांत ते मतभेद पोटात दाबून बसले नव्हते. बोलत होते, लिहीत होते, भांडत होते. मिशननं ते सोसलं. आज मराठी मंडळी कोणत्याही पंथाची असो, ‘उपासना संगीत’ उघडलं की टिळकांची गीतं निघतात. ज्यांना बाळाचा बाप्तिस्मा मान्य आहे ते ती गातात, ज्यांना नाही तेही गातात, आणि रोम सोडून सगळ्यांना खोटं ठरवणाऱ्या घरांतही त्यांतली काही ऐकू येतात. त्यातली कितीतरी टिळक मिशनमध्ये असतानाची आहेत. मतभेद दिसल्याबरोबर १९०५ सालीच त्यांना हाकललं असतं तर रविवारी आपण काय गायलो असतो याचा विचार करावा.

दुसरी गोष्ट घराची. टिळक बाहेर पडू शकले कारण त्यांना उद्याची फिकीर नव्हती. ती फिकीर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी केली. लक्ष्मीबाईंचं ‘स्मृतिचित्रे’ वाचणाऱ्याला त्या बाईनं काय काय ओढलं हे वेगळं सांगायला नको. आजच्या पाळकाला ‘बाहेर पड’ म्हणणारा माणूस त्याच्या बायकोला काही विचारत नाही. पाळकाचं घर मंडळीचं असतं. कंपाउंडमधली ती दोन खोल्यांची जागा नेमणुकीबरोबर मिळते आणि नेमणुकीबरोबर जाते. मुलांची शाळा तिथलीच, बायकोची नर्सची किंवा शिक्षिकेची नोकरीही बहुधा मिशनच्याच संस्थेत. शिक्षण म्हणाल तर बी.डी., म्हणजे चर्चबाहेर त्या पदवीला कुणी दारात उभं करत नाही. पन्नाशीतला असा माणूस विश्वासांगीकारातल्या एका ओळीवरून घर सोडेल? सोडणार नाही. तो गप्प बसेल, आणि गप्प बसणं अंगवळणी पडलं की उपदेशातला जीव जातो. मंडळीला ते कळतं. आमचे म्हातारे म्हणतात, “पाळकसाहेब हल्ली वाचून दाखवतात.”

स्कॉटलंडची गोष्ट या बाबतीत फार शिकवणारी आहे. १८४३ साली एडिंबरोत सुरू झालेल्या फुटीत ४७४ पाळक चर्च ऑफ स्कॉटलंडमधून बाहेर पडले आणि त्यांनी फ्री चर्च काढलं. भांडण मतांगीकाराचं नव्हतं. जमीनदारानं मंडळीवर आपल्या पसंतीचा पाळक लादायचा की नाही, याचं होतं. ते इतके जण घरदार आणि पगार सोडून निघाले तेव्हा सगळे साधुसंत होते असं नाही. टॉमस चामर्सनं आधीच एक निधी उभारायला घेतला होता; देशभरातल्या मंडळ्यांनी पैसे टाकायचे आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या पाळकांचा पगार निघायचा. आधी पोटाची सोय झाली, मग धैर्य आलं. मुंबईतले स्कॉटिश मिशनरी, डॉ. जॉन विल्सन धरून सगळे, फ्री चर्चच्या बाजूनं गेले आणि कष्टानं उभारलेली शाळेची इमारत, ग्रंथालय, साहित्य जुन्या चर्चला सोडून त्यांना नव्यानं सुरुवात करावी लागली. मुंबईचं आजचं विल्सन कॉलेज त्या नव्या सुरुवातीचा वारसा सांगतं.

इंग्लंडात तर १८७० पर्यंत दीक्षा घेतलेल्या माणसाला कायद्यानं पाळकपद सोडताच येत नव्हतं. सोडलं म्हटलं तरी पार्लमेंटात बसता येत नसे, दुसरे व्यवसाय बंद. १८७० च्या कायद्यानं ते दार उघडलं आणि १८७५ मध्ये लेस्ली स्टीफनसारख्या विद्वानानं, जो मनानं कधीच बाहेर गेला होता, कागदावरही दीक्षा सोडली. त्या कायद्याच्या पाच वर्षं आधी, १८६५ साली, तिथे पाळकांच्या सहीचा मसुदा सैल केला गेला: प्रार्थनापुस्तकातल्या एकूण एक गोष्टीला मान्यता देण्याऐवजी चर्चच्या शिकवणीला सर्वसाधारण संमती. जगातल्या सर्वांत जड चर्चपैकी एकानं हे दीडशे वर्षांपूर्वी केलं.

आता उलट बाजूचं उदाहरण, तेही नागपूरचंच. व्हेरियर एल्विन हा ऑक्सफर्डचा तरुण अँग्लिकन पुरोहित १९२७ मध्ये पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. तो संघ काढणारे जॅक विन्स्लो टिळकांचे चाहते. त्यांनी इंग्रजीत टिळकांचं चरित्र लिहिलं. १९३२ मध्ये एल्विन मराठी ख्रिस्ती तरुण शामराव हिवाळे यांना घेऊन मंडला जिल्ह्यात करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेला. हा मुलूख नागपूरच्या बिशपांच्या हद्दीत. बिशप ॲलेक्स वुड यांनी त्याला पुरोहित म्हणून काम करण्याचा परवाना दिला नाही. एल्विन राजनिष्ठेची शपथ घ्यायला तयार नव्हता, गोंडांना ख्रिस्ती करण्याच्या हेतूनं काम करायलाही तयार नव्हता. काही वर्षांतच त्यानं पुरोहितपद सोडलं आणि चर्चही सोडलं. बिशपांची बाजू समजून घ्यायचा मी प्रयत्न केला आहे. धर्मप्रसार करणार नाही असं सांगणाऱ्या पुरोहिताला धर्मप्रसाराच्या संस्थेनं परवाना का द्यावा, हा प्रश्न खोटा नाही. पण साम्राज्याच्या राजाशी निष्ठा हा विश्वासाचा भाग कसा झाला, याचं उत्तर त्या बाजूकडे नाही. मतांगीकाराच्या आडून दुसरंच काहीतरी मागितलं जातं ते असं. आजही पाळकाच्या ‘शिकवणीबद्दल’ जेव्हा तक्रार येते तेव्हा तिच्या मुळाशी बहुतेक वेळा जमिनीचा व्यवहार, शाळेची कमिटी किंवा पास्टोरेटची निवडणूक असते. शिकवण हे तोंडी लावायला. वेगळं मत उघडपणे नोंदवायची सोय नसली की हे हत्यार कुणाच्याही हाती लागतं.

हा घोळ ख्रिस्ती मंडळ्यांपुरता नाही. महर्षी विठ्ठल रामजी शिंदे ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजातून शिकून १९०३ मध्ये मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले. समाजाला उपासनेचा सुधारलेला धर्म हवा होता, शिंद्यांना तोच धर्म अस्पृश्यांच्या वस्तीत न्यायचा होता. १९०६ मध्ये त्यांनी डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढलं आणि १९१० मध्ये समाजाच्या प्रचारकपदावरून ते दूर झाले. समाजानं चांगला प्रचारक गमावला. शिंद्यांचं काही अडलं नाही.

माझ्या गावात आषाढात माउलींची पालखी मुक्कामाला येते. माळशिरसहून निघते, खुडूस फाट्याचं रिंगण होतं, संध्याकाळी वेळापूर, दुसऱ्या दिवशी भंडीशेगाव. रात्री दिंड्यादिंड्यांत कीर्तनं चालतात. मी लहानपणापासून ऐकतो. एका तंबूत अद्वैताचा निरूपणकार, शेजारच्या तंबूत सगुणापलीकडे जायला तयार नसलेला, तिसरीकडे भारुडातून दोघांचीही टोपी उडवणारा. शेजारचा वारकरी मित्र मला विचारतो, “तुमच्या पाळकाला सही करावी लागते म्हणे?” मी हो म्हणतो. त्याला हसू येतं, मला येत नाही. कारण वारीलाही शिस्त आहे, माळ आहे, दिंडीचा क्रमांक आहे, आणि एखाद्या कीर्तनकारानं भलतंच काही सांगितलं तर फडात त्याला पुन्हा उभं करत नाहीत. मोकळीक तिथेही अमर्याद नाही. फरक इतकाच दिसतो, की कीर्तनकार काय मानतो हे ऐकणाऱ्याला कीर्तनातच कळतं. आमच्या पाळकाचं कळायला अंगणातली रात्र लागते.

मी सगळ्या मतांना सारखीच जागा द्या म्हणत नाही. कॅनडाच्या युनायटेड चर्चमध्ये ग्रेटा व्हॉस्पर या पाळकबाईंनी आपण देव मानत नाही असं उघड सांगितलं. चर्चनं त्यांची चौकशी केली, २०१६ मध्ये त्या पदाला अयोग्य ठरल्या आणि २०१८ मध्ये तडजोड होऊन त्या आपल्या मंडळीत राहिल्या. त्यांच्या मंडळीला त्या हव्या होत्या, त्यांनी काही लपवलं नाही, हे दोन्ही खरं. तरी मला ते पटलेलं नाही. प्रभुभोजनाच्या मेजामागे उभ्या राहणाऱ्या माणसाचा त्या प्रभूवर विश्वास असावा, एवढी अपेक्षा मंडळीनं ठेवली तर तो जुलूम नव्हे. आपल्या चर्चनं प्रेषितांचा विश्वासांगीकार आणि निकीय मतांगीकार स्वीकारले आहेत. त्यांच्या गाभ्याशीच ज्याचं जमत नाही त्यानं निघावं, आणि निघताना त्याच्या लेकराबाळांना रस्त्यावर यावं लागू नये. पण नरकाचं स्वरूप, बाप्तिस्म्याचं वय, न ऐकता मेलेल्यांचं भवितव्य, अन्य भाषा, शेजाऱ्याच्या घरचा प्रसाद हातात घ्यावा की नाही, बायकांनी मेजामागे उभं राहावं की नाही, या गोष्टींवर चांगल्या ख्रिस्ती माणसांचं पूर्वीही एकमत नव्हतं. नागपूरच्या सहा चर्चेसचं तर नव्हतंच, म्हणून तर कलम लिहावं लागलं.

मंडळीची बाजूही मांडतो, कारण मी मंडळीतला आहे. आम्हाला फसवलं जाऊ नये. पाळक आमच्या मुलांना शिकवतो, आमच्या मयताच्या वेळी कबरीपाशी बोलतो. वर्षानुवर्षं त्यानं एक मानून दुसरं सांगितलं असेल तर त्याच्यावर आम्ही टाकलेल्या भरवशाचं काय? माझा त्या निवृत्त पाळकांवर राग नाही, पण ज्या आईबापांच्या लेकरांना त्यांनी बाप्तिस्मा दिला त्यांना हे कळलं तर वाईट वाटेल, आणि ते वाटणं रास्त आहे. पाळकानं व्यासपीठावरून आपलं खाजगी मत चर्चचं म्हणून खपवू नये. ‘चर्च असं शिकवतं, मला या ठिकाणी अडचण आहे’ असं सांगायची मुभा मात्र त्याला हवी. आम्ही खेड्यातली माणसं आहोत म्हणून आम्हाला हे पेलणार नाही, असं वरच्यांनी परस्पर ठरवू नये. आम्ही तुकोबा आणि टिळक एकाच ओसरीवर ऐकलेली माणसं आहोत.

आपल्या पाळकांपैकी कुणी पुण्याच्या युनियन बिब्लिकल सेमिनरीतून येतो, जी १९५३ साली यवतमाळला सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यात आली. कुणी युनायटेड थिऑलॉजिकल सेमिनरीतून, कुणी महाराष्ट्राबाहेरून. या सेमिनऱ्यांचा सूर एक नाही आणि तो एक असावा असा माझा आग्रहही नाही. पण मुलगा शिकून आला की त्याचं शिक्षण आणि त्याची मंडळी यांत कुठे खटका उडणार आहे हे नेमणुकीआधी कुणीतरी बसून बोलावं. सध्या नेमणूक होते ती रिकामी जागा पाहून.

म्हणून माझी मागणी मोठी नाही. नागपूरचं ते बाप्तिस्म्याचं कलम मराठीत छापून महाराष्ट्रातल्या प्रत्येक पास्टोरेटमध्ये, पाळकाच्या आणि कमिटीच्या, दोघांच्या हाती द्या. त्याच धर्तीवर, गाभ्याबाहेरच्या इतर मुद्द्यांवर पाळकाला आपला मतभेद बिशपांकडे लेखी नोंदवता यावा, ती नोंद मंडळीला सांगितली जावी, आणि नुसत्या त्या नोंदीवरून त्याची बदली किंवा चौकशी होऊ नये, असा ठराव करा. ज्याचं गाभ्याशीच जमत नाही त्याला निघताना किमान वर्षभर राहायची जागा आणि निर्वाहापुरती रक्कम मिळेल असा निधी प्रत्येक धर्मप्रांतात काढा. मिशनच्या काळातल्या जमिनींचे किती व्यवहार झाले हे आपण जाणता. त्या पैशाचा थोडा हिस्सा इकडे वळवला तर कुणाचं काही बिघडणार नाही. चामर्सनं गरीब मंडळ्यांच्या पैशावर हे केलं होतं.

सिनॉडची सर्वसाधारण सभा दर तीन वर्षांनी भरते. पुढच्या सभेच्या कार्यक्रमपत्रिकेवर हा विषय घ्यावा आणि महाराष्ट्राच्या बिशपांनी तो मांडावा, ही विनंती. तोवर निदान त्या एका कलमाचं मराठी भाषांतर तरी पाठवा. छपाईचा खर्च आमच्या मंडळीतली घरं उचलतील.

आपला,
मंडळीतला एक सभासद
वेळापूर, ता. माळशिरस, जि. सोलापूर